रिमोट मॅनेजमेंट चालू केलं तरी ॲक्सेस पॉइंट लांबून का उघडत नाही

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा एक वायरलेस ॲक्सेस पॉइंट (पुढे नुसतं एपी म्हणतो) दुसऱ्या जागी लावलेला आहे, तिथलं वायफाय व्यवस्थित चालतंय, पण तो तुम्हाला घरी बसून मॅनेज करायचाय. त्याच्या रिमोट मॅनेजमेंटच्या पानावर टेलनेट, एसएसएच, एचटीटीपीएस, एसएनएमपी असं सगळं (म्हणजे एपीशी लांबून बोलायच्या वेगवेगळ्या पद्धती) दिसलं, तुम्ही सगळ्यावर टिक केलं, तिथल्या राउटरवर ८० आणि ४४३ हे पोर्ट एपीकडे फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आत एपीकडे वळवली, कम्युनिटी नेम होतं तसंच पब्लिक ठेवलं, आणि तरी बाहेरून पान उघडत नाही. वर मॅनेजर आयपी, ट्रॅप वगैरे रकान्यात काय भरायचं हेही कळत नाहीये.

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. राउटरवरचं ते पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. पान उघडलं नाही हे बरंच झालं म्हणायचं, कारण उघडलं असतं तर तुमच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी उघडलं असतं. का ते खाली सांगतो.

आता मुद्दा असा आहे की त्या रिमोट मॅनेजमेंटच्या पानाचा इंटरनेटशी थेट काही संबंध नसतो. तिथे टिक केल्यावर एपी फक्त एवढंच ठरवतो की माझ्या आयपीवर कुणी एसएसएच मागितलं तर उत्तर द्यायचं का, एसएनएमपी मागितलं तर द्यायचं का. तुमच्या घरून त्याच्यापर्यंत वाट आहे का, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत परत येतं का, आणि त्याच वाटेने अजून कोण कोण येऊ शकतं, हे सगळं त्या पानाच्या बाहेर ठरतं. म्हणून "कुठे टिक करू" हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न "मी कुठून येणार आहे" हा आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. तिथला राउटर तुमच्या ताब्यात आहे की इंटरनेट कंपनीचा आहे, त्यावर व्हीपीएन (इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कमध्ये जायची खाजगी, बंदिस्त वाट) चालतं का, त्या जागी कायम चालू असणारं एखादं मशीन आहे का, एपी एकच आहे की दहा-वीस आहेत, यावर बरंच बदलतं. तुम्ही एकच म्हणताय, त्यामुळे मी एकच धरून चालतो.

तुमचं पान न उघडण्याचं जे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते फारच साधं असतं, एपीवर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाणारं पॅकेट ज्याच्याकडे सोपवायचं तो पत्ता, भरलेलाच नसतो. एपी हा ब्रिज आहे, वायफायवरून आलेलं पॅकेट केबलवर टाकायचं आणि केबलवरचं वायफायवर, यासाठी त्याला स्वतःचा आयपीसुद्धा लागत नाही. जोडलेल्या मोबाइल-लॅपटॉपना आयपी, गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) सगळं राउटरच्या डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून मिळतं, म्हणून नेट मस्त चालतं आणि कुणाला शंकाही येत नाही. पण एपीला स्वतः उत्तर द्यायची वेळ आली की गडबड होते, बाहेरून तुमचं पॅकेट आत पोचतं, एपी उत्तर तयार करतो, आणि ते द्यायचं कुठे हे त्याला माहीतच नसतं कारण तुमचा पत्ता त्याच्या सबनेटमधला, म्हणजे त्याच्या आतल्या नेटवर्कच्या रेंजमधला नाही. उत्तर तिथेच मरतं. तुम्हाला फक्त टाइमआउट दिसतो. ज्यांनी हाताने स्टॅटिक आयपी भरलाय त्यांच्याकडे हे जास्त होतं, आयपी आणि मास्क भरला, बाकीचे रकाने रिकामे ठेवले, सगळं चाललं, विषय संपला. तेव्हा एपीच्या आयपी सेटिंगमध्ये जाऊन गेटवेच्या रकान्यात राउटरचा आतला आयपी आहे का ते बघा, आणि तिथेच डीएनएसही भरा. मी स्वतः शक्यतो एपीवर स्टॅटिक ठेवतच नाही, राउटरवर डीएचसीपी रिझर्व्हेशन करतो, म्हणजे आयपी कायम तोच राहतो आणि गेटवे, डीएनएस आपोआप बरोबर येतात.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे परवानगीची यादी. बऱ्याच एपींवर मॅनेजमेंट फक्त स्वतःच्या सबनेटमधून किंवा ठरावीक आयपीवरूनच चालतं, आणि तुम्ही व्हीपीएनवरून आलात की तुमचा पत्ता १०.८.०.२ असा काहीतरी वेगळाच असतो, मग तो दारातूनच परत पाठवतो. तिथे व्हीपीएनची रेंज यादीत टाकावी लागते. यादी नसेल आणि फक्त लोकलच चालत असेल तर राउटरवर मास्करेड लावून व्हीपीएनवरून एपीकडे जाणारं ट्रॅफिक राउटरच्या आतल्या आयपीवरून आलंय असं दाखवता येतं. गंमत म्हणजे या एका गोष्टीने गेटवे नसल्याचा प्रॉब्लेमही झाकला जातो, कारण मग एपीला उत्तर घरच्याच सबनेटमध्ये द्यायचं असतं. झाकला जातो म्हटलं, सुटत नाही, वेळ मिळेल तेव्हा गेटवे भराच.

तिसरं, दोन्हीकडे सबनेट एकच असणं. तुमच्या घरी १९२.१६८.१.० आणि तिकडेही १९२.१६८.१.० असेल तर व्हीपीएन हिरवं दिसेल, जोडलं गेलंय असं म्हणेल, आणि तुम्ही १९२.१६८.१.२० उघडायला गेलात की तुमचा लॅपटॉप ते पॅकेट घरातच शोधत बसेल. यावर जुगाड आहेत, पण त्यात पडू नका, एका बाजूची रेंज बदला, शक्यतो घरची, कारण तिथे तुम्ही समोर बसलेले आहात. १९२.१६८.७३.० असं काहीही कमी वापरातलं घ्या.

आता पोर्ट फॉरवर्ड का नको. इंटरनेटवर सगळे पत्ते चोवीस तास स्कॅन होत असतात, कुणी माणूस बसून तुमचा शोध घेत नसतो, प्रोग्रामच फिरत असतात आणि उघडा पोर्ट दिसला की माहीत असलेले डिफॉल्ट पासवर्ड आणि जुने बग वापरून बघतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरचा एक प्रकार राउटरच्या ७५४७ या पोर्टवर आदळला, हा पोर्ट इंटरनेट कंपन्या ग्राहकाचा राउटर लांबून मॅनेज करायला वापरतात, आणि जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा बिघडली. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर उघडकीला आला तेव्हा किमान ५ लाख राउटर आणि तसली छोटी उपकरणं बाधित असल्याचं समोर आलं. एपीचं वेब पान हे आतल्या नेटवर्कसाठी बनवलेलं असतं, त्यावर वर्षानुवर्षं फर्मवेअर येत नाही, आणि कितीही लांब पासवर्ड ठेवला तरी लॉगिनच्या आधीच्याच कोडमध्ये बग असेल तर पासवर्डपर्यंत जायची गरजच पडत नाही. पोर्ट ८०८० किंवा ५४३२१ करून लपवला असं काही जण म्हणतात, त्याने लॉगमधला कचरा कमी होतो, एवढंच.

त्यामुळे वाट व्हीपीएनची. तिथल्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन चालत असेल तर तेच घ्या. डिफॉल्ट यूडीपी ५१८२०, सेटिंग थोडंसंच, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बरोबर किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, म्हणजे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. ओपनव्हीपीएन असेल तर तेही चालेल, त्यासाठी राउटर बदलत बसू नका. राउटर अगदीच साधा असेल पण त्या जागी एखादा छोटा संगणक कायम चालू असेल तर त्यावर वायरगार्ड टाकून वर सांगितलेलं मास्करेड लावा किंवा त्यावर एसएसएचने जाऊन तिथून टनेल काढा, मग एपीला तुम्ही आतल्याच मशीनवरून आलेले दिसता आणि वरचे गेटवे आणि यादीचे दोन्ही प्रश्न आपोआप मिटतात. मी बाहेरून एखाद्या अनोळखी नेटवर्कमध्ये घुसायचं असेल तर आधी असलं मशीनच मागतो.

एक अडचण इथे येऊ शकते. तिथल्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो ते बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या रेंजमधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहक मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरताय, ही रेंज २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवली गेली. अशा वेळी बाहेरून आत कुणीच येऊ शकत नाही, पोर्ट फॉरवर्ड कितीही बरोबर केलं असलं तरी, आणि तुमचं पान न उघडण्याचं हेही कारण असू शकतं. मग दिशा उलटी करायची, तिकडच्या राउटरने तुमच्याकडे कॉल करायचा. वायरगार्डमध्ये तिकडच्या बाजूला तुमचा एंडपॉइंट भरायचा आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवायचं, म्हणजे नॅटमधली नोंद जिवंत राहते. दोन्ही बाजू सामायिक नॅटमागे असतील तर मधे एखादा भाड्याचा सर्व्हर किंवा टेलस्केल, झीरोटियरसारखी सेवा लागेल.

आणि हो, एपीला कंपनीचा क्लाउड असेल आणि तुम्हाला फक्त वायफायचा पासवर्ड बदलणं, रीबूट करणं, कोण जोडलंय ते बघणं एवढंच हवं असेल तर व्हीपीएनचा खटाटोप न करता क्लाउड वापरा, त्यात एपी स्वतः बाहेर जाऊन जोडला जातो, आत यायला काहीच उघडावं लागत नाही. फक्त त्या अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, कारण आता एपीची किल्ली ते अकाउंट आहे.

वाट झाली, आता त्या पानाकडे येऊ. टेलनेट बंद. याच्यावर चर्चा नको, त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. एचटीटीपी बंद करून एचटीटीपीएस ठेवा, ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देईल कारण एपीने ते स्वतःच बनवलेलं असतं, तर तिथे त्याच्या शेजारी बसलेले असतानाच एकदा सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) टिपून ठेवा, म्हणजे लांबून पहिल्यांदा वॉर्निंग आली की ताडून बघता येतं. एसएसएच तुम्हाला वापरता येत असेल तर चालू, नसेल तर बंद. कधीतरी लागेल म्हणून चालू ठेवलेली सेवा कुणी अपडेट करत नाही.

एसएनएमपीवर जरा थांबतो कारण तुमचे सगळे न कळलेले रकाने तिथलेच आहेत. हे मुख्यतः लक्ष ठेवायचं साधन आहे. एखादं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी एपीला विचारतं, किती वेळ चालू आहेस, किती बाइट गेले, आणि एपी यूडीपी १६१ वर उत्तर देतो. असं सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसेल, आणि प्रश्नावरून नाही असंच दिसतंय, तर एसएनएमपी सरळ बंद करा, त्याच्याशिवाय एपी मॅनेज करता येतो. असेल किंवा पुढे लावणार असाल तर पुढचं वाचा.

कम्युनिटी नेम म्हणजे व्यवहारात पासवर्डच, फक्त एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि टू-सी या दुसऱ्या आवृत्तीत तो उघडाच जातो, आणि पब्लिक, प्रायव्हेट ही डिफॉल्ट नावं जगाला पाठ आहेत. रीड-ओन्ली कम्युनिटीला लांब काहीतरी अगम्य नाव द्या आणि रीड-राइट बंदच करा. बंद करता येत नसेल तर तिथे तीस-एक अक्षरांचं काहीतरी टाकून विसरून जा, कारण रीड-राइट ज्याच्या हातात तो काही मॉडेलवर सेटिंगही बदलू शकतो. एपी तिसरी आवृत्ती देत असेल, काही ठिकाणी तिला सिक्युअर एसएनएमपी म्हटलेलं असतं, तर तीच घ्या, यूजर बनवा, ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावा, एमडी५ आणि डीईएस यांच्या ऐवजी एसएचए आणि एईएस निवडा, दोन्हीकडे वेगळा पासवर्ड, किमान ८ अक्षरं. तिसरी चालू केल्यावर जुनी टू-सी बंद झालीये का ते वेगळं बघा, कारण पुष्कळदा दोन्ही शेजारी शेजारी चालू राहतात आणि मग नव्या कुलपाचा उपयोग शून्य.

मॅनेजर आयपी म्हणजे ज्या मशीनवर ते मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आहे त्याचा पत्ता, एपीचा नाही आणि सहसा राउटरचाही नाही. मशीन तुमच्या घरी असेल तर त्याचा व्हीपीएनमधला पत्ता, आणि वर सांगितलेलं मास्करेड लावलं असेल तर राउटरचा आतला पत्ता, कारण एपीला तोच दिसतो. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि मग दोन दिवस कम्युनिटी नेम परत परत टाइप करत बसतात.

ट्रॅप म्हणजे एपी स्वतःहून पाठवतो तो निरोप, यूडीपी १६२ वर, काहीतरी घडलं की. रकान्यात त्याच मॉनिटरिंग मशीनचा पत्ता. पण ट्रॅपवर विसंबून राहू नका. तो पोचला का हे एपी बघत नाही, आणि ज्या निरोपाची तुम्हाला सगळ्यात गरज आहे, म्हणजे केबल तुटली किंवा वीज गेली, तो निघूच शकत नाही, कारण जायची तारच तुटलेली आहे. एपी मेला हे तुम्हाला कळणार ते उत्तर आलं नाही यावरूनच. म्हणून विचारत राहणं हे मुख्य आणि ट्रॅप हा वरचा बोनस.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं तेही सांगून टाकतो. अपटाइमचा काउंटर ३२ बिटचा असतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, त्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो, एपी रीबूट झालेला नसतो, उगाच वीजपुरवठा तपासत बसू नका. आणि ट्रॅफिकचा ३२ बिटचा काउंटर १ गिगाबिटच्या लिंकवर पूर्ण वेगाने साधारण ३४ सेकंदात भरून परत शून्यावर येतो, म्हणजे पाच मिनिटांनी वाचलेला आकडा कशालाच उपयोगी नाही. ग्राफ काढायचा असेल तर ६४ बिटचे काउंटर निवडा, ते पहिल्या आवृत्तीत मिळत नाहीत, टू-सी किंवा तिसरी लागते.

वेळेचं सेटिंग पण त्याच बैठकीत उरका. बऱ्याच एपींमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, रीबूट झाला की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते, आणि लॉग वाचून काही अर्थ लागत नाही. एनटीपी सर्व्हर (नेटवरून बरोबर वेळ देणारा) भरा, तो नावाने भरला असेल तर डीएनएस लागतो, म्हणजे परत तोच गेटवे आणि डीएनएसचा रकाना. लॉगही बहुतेक वेळा मेमरीतच असतो आणि रीबूटला पुसला जातो, त्यामुळे तिथे एखादं मशीन असेल तर सिसलॉग, म्हणजे लॉग दुसऱ्या मशीनला पाठवायची सोय, त्याच्याकडे वळवा.

मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवर नंबराचा टॅग लावून मॅनेजमेंटसाठी वेगळं केलेलं नेटवर्क, लावायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलाय. सल्ला चांगला आहे, वायफाय वापरणाऱ्यांना एपीचं पान दिसताच कामा नये, पण लांबून करायचा असेल तर क्रम चुकला की गेलात. एपीवर आधी व्हीलॅन नंबर टाकून सेव्ह केलं की त्याच क्षणी तो त्या टॅगवरच बोलायला लागतो, आणि स्विचच्या पोर्टवर तो टॅग नसेल तर तुमच्यासाठी तो एपी नाहीसा होतो, वायफाय चालू असलं तरी. आधी राउटरवर त्या व्हीलॅनचा इंटरफेस आणि डीएचसीपी, मग स्विचवर राउटरकडच्या आणि एपीकडच्या दोन्ही पोर्टवर टॅग, त्या व्हीलॅनमध्ये दुसरं एखादं मशीन टाकून ते चालतंय याची खात्री, आणि सगळ्यात शेवटी एपी. सोय असेल तर परतीचा दोर बांधूनच काम करा. मायक्रोटिकवर सेफ मोड असतो, जोडणी तुटली की बदल मागे घेतो. सिस्कोवर कॉन्फिग सेव्ह न करता रीलोड इन १० देऊन ठेवायचं, अडकलात तर दहा मिनिटांनी तो जुन्या कॉन्फिगवर उठतो, नाही अडकलात तर रीलोड कॅन्सल. बाकीच्या एपींवर असलं काही नसेल तर तिथे कुणीतरी माणूस असतानाच हात लावा, आणि आधी कॉन्फिगचा बॅकअप. फर्मवेअर अपडेटलाही हेच लागू.

गेस्ट वायफाय असेल तर मोबाइल त्यावर जोडून एपीचा आयपी ब्राउझरमध्ये टाकून बघा. पान उघडलं तर बाकी सगळी सुरक्षा बाजूला ठेवून आधी ते बंद करायला हवं. बऱ्याच एपींवर वायरलेसवरून मॅनेजमेंट बंद करायचं वेगळं सेटिंग असतं, ते करा, फक्त ते करताना तुम्ही स्वतः वायफायवरून लॉगिन नाही ना तेवढं बघा.

तपासायची पद्धत आतून बाहेर अशी ठेवा. आधी एपीच्याच नेटवर्कमधल्या मशीनवरून पान उघडतं का, मग राउटरवरून पिंग जातो का, मग व्हीपीएनवरून. व्हीपीएन जोडून बघताना स्वतः मोबाइल डेटावर या, कारण तिथल्याच वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकला तर कित्येक राउटर ते परत आत वळवत नाहीत आणि चालणारी गोष्टही बंद वाटते. आणि एरर काय येतो ते नीट वाचा. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही एपीपर्यंत पोचलात, तिथे ती सेवा बंद आहे किंवा पोर्ट दुसरा आहे, तेव्हा ते टिकवालं पान बघा. टाइमआउट आला म्हणजे पॅकेट किंवा त्याचं उत्तर वाटेत गेलं, तेव्हा गेटवे, यादी आणि फायरवॉल बघा. एसएनएमपीला मात्र हा नियम लागू नाही, तिथे कम्युनिटी चुकली तरी एपी गप्प बसतो आणि तुम्हाला टाइमआउटच दिसतो, म्हणून पिंग चालतोय आणि एसएनएमपीला टाइमआउट येतोय तर आधी नाव आणि मॅनेजर आयपी तपासा, केबल नको.

एवढं करून नाही जमलं तर इथेच परत लिहा, पण सोबत एपीचा आयपी, मास्क, गेटवे, तुमच्या घरची रेंज, व्हीपीएनमधला तुमचा पत्ता आणि एररचे नेमके शब्द द्या. राउटरचा वॅन आयपी पूर्ण टाकू नका, टिंबांनी वेगळे केलेले पहिले दोन आकडे, १००.६४ असे, पुरेत.